चाहूल लागलेली माणसं

गिरिजाच्या आरोग्यपत्रावर पिवळी पट्टी उमटली तेव्हा तिच्या संघातल्या मुली दोन गोलांनी मागे होत्या. मध्यंतर चालू होतं. ती लिंबाच्या फोडी वाटत होती आणि खिशातला फोन थरथरला. तिने संदेश वाचला, फोन परत खिशात टाकला आणि मुलींना म्हणाली, "त्यांची डावी बाजू मोकळी पडतीय. तिथनं घुसा." सामना बरोबरीत सुटला. परतीच्या गाडीत मुली गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या. गिरिजा मात्र फोनवरच्या एकाच शब्दाकडे बघत राहिली होती. जठर.

गिरिजा आरबोळे गडहिंग्लजच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका होती. वय एक्केचाळीस. या गावाला फुटबॉलचं वेड जुनं, पण ते मुलांपुरतं. मुलींचा संघ तिने उभा केला. मुलींना हाफपँटमध्ये मैदानात उतरवायला नको म्हणणाऱ्या घरांत जाऊन, चहा पिऊन, वाद घालून.

'चाहूल' चाचणी सुरू होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. शिक्षक, चालक, परिचारिका अशा सगळ्यांना ती दरवर्षी सक्तीची होती. शरीरात रोज कोट्यवधी पेशी मरतात आणि मरताना आपल्या जनुकांचे बारीक तुकडे रक्तात सोडून जातात. वाट चुकलेल्या पेशींच्या तुकड्यांवर वेगळ्या रासायनिक खुणा असतात, आणि त्या खुणांवरून पेशी कुठल्या अवयवातल्या हेही ओळखता येतं. पूर्वी असे तुकडे सापडायचे तर गाठ बऱ्यापैकी वाढलेली असावी लागे. चाहूल यंत्राला चमचाभर रक्तातले दोनचार तुकडेही पुरत. पट्टी हिरवी आली तर काही नाही. तांबडी आली तर कर्करोग आहे, लगेच उपचाराला लागा. या तांबड्या पट्टीने खरोखरच हजारो माणसं वाचवली होती, त्याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. अडचण होती ती पिवळीची. काहीतरी आहे, पण दिसत नाही, असा तिचा अर्थ.

चाहूल मोहिमेचं जिल्हा केंद्र कोल्हापूरला होतं. तिथले डॉ. निशिकांत गव्हाणकर मूळचे संशोधक. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत, फाइलीत बघून बोलत नसत.

"दुर्बिणीतून तुमचं जठर स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले. "पण या जातीचा कॅन्सर भिंतीच्या आतल्या आत पसरतो. वरून पत्ता लागत नाही. तुमच्या वडिलांना तोच होता. त्यामुळे नियमाप्रमाणे मला तुम्हाला जठर काढायचा सल्ला द्यावा लागतो."

"सगळं?"

"सगळं. अन्ननलिका थेट आतड्याला जोडतात. माणूस जगतो. दिवसातनं सात-आठ वेळा थोडं थोडं खायचं. वजन उतरतं, गोड खाल्लं की चक्कर येते, इंजेक्शनं कायमची. पळणंबिळणं पूर्वीसारखं होत नाही."

"आणि नाही काढलं तर? पिवळी पट्टी असलेल्या शंभर जणांतल्या किती जणांना पुढं कॅन्सर होतो?"

गव्हाणकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगू? माहीत नाही."

"चार वर्षं झाली की."

"चार वर्षांत पिवळी आली की आम्ही काढत आलोय. काढलेल्या जवळजवळ प्रत्येक जठरात बिघडलेल्या पेशींचे बारीक पुंजके सापडतात. पुंजके सापडले की मोहिमेच्या हिशेबी एक माणूस वाचला. पण ते पुंजके तसेच राहिले असते तर त्यातले किती जागे झाले असते आणि किती जन्मभर झोपून राहिले असते, हे सांगायला कोणी शिल्लकच नाही."

"म्हणजे न खेळलेले सामने जिंकलेले म्हणून धरताय."

"मी मोहिमेच्या मंडळाला हेच लिहिलं होतं, जरा सभ्य भाषेत," गव्हाणकर म्हणाले. "काही माणसांवर शस्त्रक्रिया न करता बारीक नजर ठेवू द्या, त्याशिवाय कळणार नाही, म्हटलं. त्यांचं उत्तर आलं, थांबायला तयार होईल असा वेडा माणूस तुम्हाला मिळणार नाही."

मग तिने विचारलं, "किती वेडे लागतील?"

घरी महांतेशने ऐकून घेतलं आणि तो ताटावरून उठला. गिरिजाचा नवरा सौरपंपांच्या दुरुस्तीचं काम करायचा. शांत माणूस. सासऱ्यांच्या आजारपणात त्यांना उचलून न्हाणीघरात नेणारा तोच होता.

"अप्पांना शेवटी पाणीसुद्धा पचत नव्हतं," तो म्हणाला. "तू पाहिलंयस. मी पाहिलंय. परत नाही बघायचं मला."

"मी उपचार नको म्हणत नाही, महांतेश. दर महिन्याला रक्त देईन, दर चार महिन्यांनी दुर्बीण आत घालून घेईन. काही दिसलं की त्याच दिवशी काढा म्हणेन. पण काय आहे हे माहीत नसताना माझं पोट देणार नाही."

"आणि दिसेपर्यंत उशीर झाला तर?"

"तर झाला," ती म्हणाली. हा शब्द त्याने पुढे बरेच महिने तिला माफ केला नाही.

शाळेत वेगळंच सुरू झालं. संस्थेच्या सचिवांनी तिला बोलावलं. विमा कंपनी पिवळ्या पट्टीच्या माणसाची मैदानावरची जबाबदारी घेत नाही, असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं. शस्त्रक्रिया करून या, मग मैदान तुमचंच. तोवर ग्रंथालयात बसा.

"म्हणजे ग्रंथालयात मेले तर चालेल, मैदानात नको," गिरिजा म्हणाली.

"बाई, तुमच्या काळजीपोटीच चाललंय हे."

"मग काळजी करा. मी मैदानात आहे."

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मैदानाच्या फाटकाला कुलूप लागलं. गिरिजा ग्रंथालयात बसली, सह्या केल्या, पुस्तकांना कव्हरं घातली. आणि सकाळी शाळेआधी नदीकडच्या मोकळ्या माळावर चार दगड रोवून तिने सराव चालू केला. पहिल्या आठवड्यात पाचच मुली आल्या. एका मुलीच्या आईने रस्त्यात गाठून विचारलं, "तुमचं ते लागत नाही न्हवं पोरींना?" गिरिजाने तिला तिथेच उभं करून सगळं नीट समजावून सांगितलं. मुलगी दुसऱ्या दिवशी आली.

महांतेशने शेवटचा उपाय म्हणून आपल्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. सुवर्णा निपाणीला असायची. दोन वर्षांपूर्वी तिला पिवळी पट्टी आली होती आणि महिन्याच्या आत कोल्हापूरला तिचं जठर काढलं होतं. मोहिमेच्या जाहिरातीत तिचा हसरा फोटो होता. खाली लिहिलेलं, 'वाचलेली'. फोटोत दिसत नव्हतं ते गिरिजाला दिसत होतं. मनगटं काडीसारखी झाली होती. पिशवीत छोटे छोटे डबे. बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि सोफ्याची कड घट्ट धरायची.

"वहिनी, काढून टाक," सुवर्णा म्हणाली. "सवय होते."

"झाली तुला?"

"होते की."

"सुवर्णा, मी तुझ्या वाटेला नावं ठेवत नाही. तुला कोणी दुसरी वाट दाखवलीच नव्हती."

"नको दाखवू मला," सुवर्णाचा आवाज एकदम चढला. "मला लोक म्हणतात, वाचलीस. सासू म्हणते, पोरांचं नशीब थोर. मी चक्कर येऊन मोरीत पडते, तेव्हा स्वतःला हेच सांगते की बाई, तू वाचलीयस. आता तू काढणार नाहीस. मजेत जेवशील, पळशील. आणि दहा वर्षांनी ठणठणीत राहिलीस तर? मग माझं काय गं?"

महांतेश दारात उभा होता, तो आत आला नाही. सुवर्णाने डबा उघडला, दोन घास खाल्ले, आणि जाताना वहिनीकडून हळदीकुंकू न लावून घेताच निघून गेली.

वेडे मिळाले. गिरिजाने एका स्थानिक वाहिनीवर मुलाखत दिली आणि त्यात एवढंच म्हणाली, "मी थांबणार आहे. आंधळेपणाने नाही, डॉक्टरांच्या नजरेखाली. अजून कोणी असेल तर या." कोणी कागलहून आलं, कोणी आजऱ्याहून, कोणी सीमेपलीकडून संकेश्वरहून. प्रत्येकाला गव्हाणकर तासभर समोर बसवून सांगत, "थांबण्यात धोका आहे. तुम्ही मरू शकता. मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही. थांबलात तर नजर ठेवीन." काही जण उठून गेले आणि शस्त्रक्रिया करून आले. त्यांना कोणी अडवलं नाही. बाकीचे राहिले. दीड वर्षाने राहिलेल्यांची संख्या चारशेच्या वर गेली, तेव्हा मंडळाने नाइलाजाने अभ्यासाला मंजुरी दिली.

त्यात रूपाली मोरबाळे होती. एसटी स्टँडजवळ तिची खानावळ. "चव घेतल्याशिवाय मी आमटी वाढत नाही," ती म्हणायची. "पोट काढून खानावळ चालवू कशी?" रक्त द्यायला जाताना ती आणि गिरिजा एकाच गाडीने जात. येताना रूपाली ज्या गावात गाडी थांबेल तिथली भजी विकत घेई आणि नावं ठेवत सगळी संपवी.

दुसऱ्या वर्षी रूपालीचं पोट दुखायला लागलं. आधीच्या दुर्बिणीत काही नव्हतं. पुढच्या दुर्बिणीपर्यंत कॅन्सर भिंतीतून बाहेर पडून पसरला होता. दिवाळीच्या आधी ती गेली.

गिरिजा तिच्या घरी गेली तेव्हा रूपालीचा नवरा मारुती ओट्यावर बसला होता. तो उठला नाही.

"तुम्ही नसता तर तिनं काढून घेतलं असतं," तो म्हणाला. "आज जिती असती."

गिरिजा उभीच होती. जमलेली माणसं ऐकत होती. "हो," ती म्हणाली. "असती."

"मग इथं कशाला आलाय?"

"हे ऐकायला."

मारुतीने मान फिरवली. गिरिजा तिथेच खालच्या पायरीवर बसली, आणि माणसं पांगेपर्यंत बसून राहिली.

त्या आठवड्यात गटातल्या साठेक जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली. महांतेशने तिच्या आरोग्यपत्राची छापील प्रत टेबलावर, तिच्या ताटाशेजारी आणून ठेवली. गिरिजा दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला गेली ती अभ्यासातून नाव काढायचं असंच मनात धरून. गव्हाणकरांचा चेहरा ओढलेला होता.

"मी रूपालीताईंचे सगळे नमुने परत वाचले," ते म्हणाले. "दर महिन्याचे. हे बघा." पडद्यावर एक रेघ होती, थोडी वर, थोडी खाली अशी वर्षभर चाललेली. शेवटी मात्र ती सलग तीन महिने वर चढली होती, मध्ये एकदाही न उतरता.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?" गिरिजा ओरडली नाही, पण बाहेरच्या परिचारिकेने आत डोकावून पाहिलं.

"कारण चढणं म्हणजे काय, हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांच्या रेघा वरखाली होतात. पुंजके डोकं वर काढतात, शरीराच्या रक्षक पेशी त्यांना वेढा घालतात, रेघ खाली येते. आता वाटतंय, की जिथं वेढा फुटतो तिथं रेघ उतरायची थांबते. वाटतंय म्हणतो मी. एका माणसावरून सिद्ध होत नाही. अजून किती तरी रेघा लागतील." ते थांबले. "तुम्ही बाहेर पडलात तर मी समजू शकतो."

गिरिजा त्या रेघेकडे बघत राहिली. ही रूपाली. भजी, शिव्या, आमटीची चव, सगळं जाऊन उरलेली.

तिने बाही वर केली. "घ्या रक्त."

पहिली माणसं थांबली तेव्हापासून धरून अभ्यास सहा वर्षं चालला. तीन महिने सलग चढ दिसला की लगेच शस्त्रक्रिया, असा नियम खबरदारी म्हणून दुसऱ्या वर्षाच्या शेवटी झाला, आणि त्यानंतर थांबलेल्यांत एकही मृत्यू कर्करोगाने झाला नाही. निकाल आला तो असा: पिवळी पट्टी आलेल्या दर शंभर जणांतल्या अकरा जणांचे पुंजके सहा वर्षांत जागे झाले. बाकीचे झोपून राहिले, काहींचे तर नाहीसेच झाले. पिवळी आली की काढा, हा नियम मंडळाने गाजावाजा न करता मागे घेतला. शाळेच्या मैदानाचं कुलूप निघालं. सचिवांनी गिरिजाला सत्काराला बोलावलं. ती सरावाची वेळ आहे म्हणून गेली नाही.

निकालाची बातमी आली त्या दुपारी सुवर्णा गडहिंग्लजला आली. मधल्या वर्षांत ती या घराची पायरी चढली नव्हती.

"माझं जठर ठेवलंय म्हणे," ती सरळ म्हणाली. "मेणात. सगळ्यांचे तुकडे ठेवतात. ते बघून आता कळतं का, माझं जागं होणार होतं की नाही?"

"बऱ्यापैकी कळतं," गिरिजा म्हणाली. "पुंजक्यांभोवती वेढा शाबूत असेल तर ते झोपलेले. पण सुवर्णा, कळून..."

"तू थांबलीस कशासाठी? कळावं म्हणूनच ना? मग मला का अडवतीस?"

दोघी मिळून गेल्या. गव्हाणकरांनी सुवर्णाला सूक्ष्मदर्शकातून स्वतःच्या जठराचा तो पातळ काप दाखवला. गुलाबी पसाऱ्यात तीन छोटे पुंजके होते, आणि प्रत्येकाभोवती निळ्या ठिपक्यांचं दाट कडं. वेढा कुठेही फुटलेला नव्हता.

"शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही," गव्हाणकर हळू आवाजात म्हणाले. "पण बहुधा हे जन्मभर असेच राहिले असते. मी दिलगीर आहे. त्या शस्त्रक्रियेच्या शिफारशीवर माझी सही होती."

सुवर्णा बराच वेळ भिंगातून डोळा काढेना. "छान राखण केली होती की यांनी," ती म्हणाली. मग तिने पर्स उचलली. "वाचलेली म्हणून लावलेला माझा फोटो आजच्या आज उतरवा. आणि माझ्यासारखी किती माणसं आहेत, त्यांना कसं गाठायचं ते सांगा."

सहा महिन्यांनी गिरिजाची रेघ चढली. एक महिना, दोन महिने, तिसरा. दुर्बिणीतून तपासणीला काढलेल्या तुकड्यात उत्तर स्पष्ट होतं. ती अकरांतली निघाली होती. कॅन्सर अजून आतल्या अस्तराच्या पलीकडे गेला नव्हता.

"काढू या," गव्हाणकर म्हणाले.

"काढू या," गिरिजा म्हणाली. बाहेर महांतेश बसला होता. तिने सांगितल्यावर त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आधीच काढलं असतंस तर ही सहा वर्षं मी नीट झोपलो असतो."

"हो. आणि मी नीट जेवले नसते." ती त्याच्या शेजारी बसली. "तुझी सहा वर्षं मी घेतली, हे मला माहीत आहे, महांतेश. पण आज का काढतेय ते मला ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं."

त्याने तिचा हात धरला. ते माफ करणं होतं की नुसतं थकणं, हे तिने विचारलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर तोंडाने खायची परवानगी मिळाली तेव्हा खोलीत सुवर्णा होती. तिने परिचारिकेला बाजूला सारलं आणि मऊ भाताची वाटी स्वतःच्या हातात घेतली.

"चाव."

"चावला की."

"अजून चाव. आता पोट नाही, दातच पोट. पाणी नंतर, अर्ध्या तासानं. जेवताना प्यालीस तर आडवी होशील."

गिरिजा वैतागली. घामाने तिचं कपाळ ओलं झालं होतं, आतून कुठून तरी कळ येत होती. भिंतीला टेकून तिने डोळे मिटले. "हे तू आठ वर्षं करतीयस?"

"आठ वर्षं. आणि कोणी शिकवायला नव्हतं." सुवर्णाने पुढचा घास चमच्यावर घेतला, अगदी बोटाच्या पेराएवढा.

"तुला कधी वाटतं का, तो काप बघितला नसता तर बरं झालं असतं?"

"रोज वाटतं. पण परत नेलंस तर परत बघेन." तिने चमचा पुढे केला, मग थांबली. "वहिनी, आम्ही सातशे जण गोळा झालोय. विनाकारण कापलेले. मोहिमेनं आम्हाला आपल्या यशात धरलं, पण त्यानंतर आमच्या इंजेक्शनांची, चक्करांची, सुटलेल्या नोकऱ्यांची कोणी साधी चौकशी केली नाही. जन्मभराची देखभाल पाहिजे, प्रत्येक तालुक्याला. सोमवारी मंडळापुढे सुनावणी आहे. अकरांतली एक जण आमच्या बाजूनं बोलली तर त्यांना खोडून काढता येणार नाही."

"सोमवारी टाकेसुद्धा निघालेले नसतील."

"गाडीत मागं आडवी हो. मी डबे घेते तुझे."

दारात उभ्या असलेल्या महांतेशने दोघींकडे पाहिलं आणि डॉक्टरांना विचारून येतो म्हणून तो निघाला. काय विचारायचं, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

गिरिजाने तोंडातला घास पुन्हा पुन्हा चावला, गिळला, आत उतरेपर्यंत थांबली. कळ आली आणि ओसरली.

"बोलायचं काय ते आत्ताच सांग," ती म्हणाली. "आणि तो चमचा दे इकडं. मी खाते माझी."